मत नाण्याचे, दायित्व माणसाचे

१७ एप्रिल २०२२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, एका अनामिक इसमाने सुमारे एक अब्ज डॉलरचे कर्ज काढले, त्या पैशातून एका संस्थेचे सभासदत्व घेतले, सभासद या नात्याने मत दिले, दोन-तृतीयांशांहून अधिक बहुमताने आपलाच ठराव मंजूर करून घेतला, ठरावानुसार संस्थेची तिजोरी स्वतःच्या नावे केली आणि काढलेले कर्ज फेडून टाकले. हे सारे एकाच व्यवहारात, म्हणजे अवघ्या काही सेकंदांत घडले. संस्थेचे नाव 'बीनस्टॉक'. तिचे एकूण नुकसान सुमारे १८ कोटी २० लाख डॉलरचे झाले. त्यातले साडेसात कोटींहून अधिक डॉलर या इसमाच्या पदरात पडले. जाता जाता त्याने अडीच लाख डॉलर युक्रेनच्या मदतनिधीला देऊन टाकले. दानशूर चोर केवळ गोष्टीतच असतात असे नाही.

ही बातमी जगभर 'चोरी' म्हणून छापून आली, आणि ज्यांचे पैसे बुडाले त्यांच्या दृष्टीने ती चोरीच होती. पण या चोरीत एकही कुलूप तुटले नाही, एकही खोटी सही झाली नाही. प्रस्ताव आदल्या दिवशी रीतसर मांडलेला होता. तातडीच्या ठरावाला एक दिवसाची मुदत आणि दोन-तृतीयांश मते लागतात, हा संस्थेचाच नियम होता. मुदत पाळली गेली, मते पडली, ठराव अमलात आला. मत देणारा निदान कालपासून तरी सभासद असला पाहिजे, एवढी एकच गोष्ट नियमात लिहायची राहून गेली होती. तालुक्याच्या गावातली पतपेढीही ही काळजी घेते. बँकांना पर्याय उभा करायला निघालेल्या हुशार मंडळींना ती सुचली नव्हती.

'ब्लॉकचेन' या शब्दाभोवती गेल्या दहा-बारा वर्षांत जे वलय निर्माण झाले आहे, त्यातला एक मोठा भाग लोकशाहीच्या आश्वासनाचा आहे. मालक नाही, संचालक मंडळ नाही, सरकार नाही. सर्व निर्णय समुदायाचे, सर्व निर्णय मतदानाने. हे आश्वासन कितपत खरे आहे हे तपासायचे तर मतदान होते कसे, ते आधी पाहिले पाहिजे. आणि ते पाहण्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. ज्याने आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या चार वार्षिक सभा पाहिल्या आहेत, त्याला यातले बहुतेक सारे कळते.

ब्लॉकचेन म्हणजे एक खतावणी. ती कोणा एका पेढीच्या कपाटात नसते. तिची तीच प्रत हजारो संगणकांवर एकाच वेळी असते आणि बहुसंख्यांच्या संमतीखेरीज तिच्यात नोंद होत नाही. ईथेरियमसारख्या ब्लॉकचेनवर नोंदींबरोबर नियमही लिहून ठेवता येतात, आणि ते नियम आपोआप चालतात. अमुक तारण ठेवले की तमुक कर्ज मिळेल, भाव इतका घसरला की तारण विकले जाईल, असे सारे माणसाच्या हस्तक्षेपाशिवाय होते. अशा स्वयंचलित कर्जपेढ्या आणि विनिमयपेढ्या आज अब्जावधी डॉलरची उलाढाल करतात. परंतु नियम कितीही आपोआप चालत असले, तरी ते कधीतरी बदलावे लागतातच. कोणते तारण स्वीकारायचे, व्याजाचे गणित कसे ठेवायचे, शिलकीतला पैसा कोणाला द्यायचा, हे कोणीतरी ठरवावे लागते. त्यासाठी या पेढ्या आपले एक नाणे काढतात. त्याला 'टोकन' म्हणतात. ज्याच्याकडे टोकन त्याला मत. ज्याच्याकडे हजार टोकने त्याला हजार मते. अशा तऱ्हेने चालणाऱ्या संस्थेला 'विकेंद्रित स्वायत्त संघटना', किंवा तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'डाओ', असे नाव आहे.

'कंपाउंड' या कर्जपेढीचे उदाहरण घेऊ, कारण तिची पद्धत पुढे अनेकांनी उचलली. २०२४ साली तिथे जे नियम होते ते असे. तिची एकूण नाणी एक कोटी. औपचारिक प्रस्ताव मांडायचा तर २५ हजार नाण्यांचे बळ पाठीशी हवे; त्या वेळच्या भावाने ही रक्कम बारा लाख डॉलरच्या आसपास जाते. म्हणजे आपल्याकडे सूचक आणि अनुमोदक लागतात, तिथे सूचक लागतो तो लक्षाधीश किंवा लक्षाधीशांनी पाठीशी घातलेला. प्रस्ताव मांडल्यावर दोन दिवस विचारासाठी, मग तीन दिवस मतदान. ठराव मंजूर व्हायचा तर बाजूने निदान चार लाख मते पडली पाहिजेत आणि ती विरोधी मतांपेक्षा अधिक असली पाहिजेत. मंजूर झाल्यावर पुन्हा दोन दिवसांचे थांबणे, आणि मग अंमलबजावणी. मतांचे वजन मोजले जाते ते मतदान सुरू होतानाच्या क्षणाचे, त्यामुळे बीनस्टॉकसारखे सेकंदभराचे सभासद तिथे चालत नाहीत. आणखी एक गमतीची तरतूद अशी, की नाणे नुसते जवळ असून भागत नाही. मत द्यायचे तर ते आधी कोणाला तरी सोपवावे लागते. स्वतःच द्यायचे असेल तर स्वतःला सोपवावे लागते. बहुतेक लोक एवढेही कष्ट घेत नाहीत, किंवा आपले मत एखाद्या जाणत्याला देऊन मोकळे होतात. या जाणत्यांना प्रतिनिधी म्हणतात. त्यांच्यात विद्यापीठांतील विद्यार्थ्यांची मंडळे असतात, सल्लागार कंपन्या असतात आणि गुंतवणूकदार संस्थाही असतात.

प्रस्ताव मात्र एकदम या पायरीवर येत नाही. आधी त्यावर उघड चर्चा होते, मग पुष्कळ ठिकाणी कल अजमावण्यासाठी बिनखर्ची, अनौपचारिक मतदान होते, आणि तिथे निभावले तरच औपचारिक प्रस्ताव येतो. ही चर्चा अनेकदा उत्तम असते. आकडे असतात, जोखमीचे हिशेब असतात, जुन्या निर्णयांचे दाखले असतात. ज्यांनी आपल्या विधिमंडळातले कामकाज अलीकडे पाहिले आहे त्यांना हेवा वाटावा अशी ती असते. अडचण एवढीच की चर्चा करणारे आणि मत देणारे हे बऱ्याचदा वेगळे असतात.

आपल्या सभांमध्ये आणि या मतदानात एक मूलभूत फरक आहे आणि तो विसरून चालणार नाही. आपल्याकडे ठराव झाला म्हणजे काही झाले असे नसते. तो इतिवृत्तात जातो, पुढच्या सभेत कायम होतो, सचिव तो अमलात आणतो किंवा त्यावर बसून राहतो. सभासद निबंधकाकडे जातो, न्यायालयात जातो, स्थगिती आणतो. या दिरंगाईला आपण शिव्या देतो. तथापि तिच्यात एक शहाणपण दडलेले आहे: वाईट ठराव आणि त्याचा परिणाम यांच्यामध्ये माणसे उभी असतात. डाओमध्ये बहुतेकदा ठराव म्हणजेच आज्ञावली. तो मंजूर झाला की मुदत संपताच खतावणी स्वतःहून पैसे हलवते. सचिव नाही, त्यामुळे लाचखाऊ सचिव नाही. पण भल्या सचिवाचीही सोय नाही.

या प्रकाराची पहिली मोठी परीक्षा २०१६ साली झाली. 'द डाओ' याच नावाची संस्था त्या वर्षी एप्रिलअखेर सुरू झाली आणि तिने बघता बघता सुमारे १५ कोटी डॉलरचे ईथर, म्हणजे ईथेरियमचे चलन, गोळा केले. कोणत्या उद्योगात पैसा घालायचा हे नाणेधारकांनी मताने ठरवायचे होते. नियम आज्ञावलीत आहेत, आज्ञावली हाच कायदा, असे छातीठोकपणे सांगितले गेले होते. १७ जून रोजी त्या आज्ञावलीतल्या एका फटीतून कोणीतरी ३६ लाख ईथर वळवून घेतले. पण नियमच असा होता, की वळवलेला पैसा सुमारे चार आठवडे बाहेर काढता येत नव्हता. या चार आठवड्यांत साऱ्या ईथेरियममध्ये वादळ उठले. खतावणी मागे फिरवून पैसा परत द्यायचा की कायद्याला कायदा म्हणून राहू द्यायचे? कल अजमावण्यासाठी ईथरच्या वजनाने मतदान झाले. सुमारे ८७ टक्के मते पैसा परत देण्याच्या बाजूने पडली, मात्र मतदानात भाग घेतलेले ईथर एकूण ईथरच्या सहा टक्क्यांहूनही कमी होते. २० जुलै रोजी खतावणी दुभंगली. बहुसंख्य नव्या शाखेवर गेले. ज्यांना हे मान्य नव्हते ते जुनी शाखा 'ईथेरियम क्लासिक' या नावाने चालवीत राहिले. गुंतवणूकदार वाचले ते मतदानामुळे, असे नंतर सांगितले गेले. माझ्या मते त्यांना वाचवले ते चार आठवड्यांनी. तेवढा अवधी मिळाला नसता तर मत कशावर द्यायचे होते?

सहा टक्क्यांच्या आकड्याला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी, त्याच पाच-सात डोक्यांनिशी पुन्हा सुरू करण्याची आपली प्रथा आहे. उदासीनता सगळीकडे सारखीच. पण गृहनिर्माण संस्थेत शंभर सभासदांपैकी दहा आले, तर त्या दहांना दहाच मते असतात. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० याचे कलम २७ सभासदाला एकाहून अधिक मत देत नाही. त्याचे भाग कितीही असोत. १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या विणकरांनी जे तत्त्व घालून दिले, तेच प्रवरानगरच्या कारखान्यापर्यंत येऊन पोहोचले. पुढे सहकाराचे जे काय झाले ते झाले. गठ्ठा मतदान आले, नात्यागोत्याची संचालक मंडळे आली. तरी दोन एकरवाल्याला आणि दोनशे एकरवाल्याला मत एकच, ही गोष्ट कागदावर का होईना राहिली, आणि तिच्या धाकाने दोनशे एकरवाल्याला दोन एकरवाल्याच्या दारी जावे लागले.

डाओने हे तत्त्व घेतले नाही. तिने घेतले ते कंपनीचे: जितके भाग तितकी मते. यात पाप काही नाही; कंपन्या अशाच चालतात. पण कंपनी स्वतःला लोकशाही म्हणवून घेत नाही. आणि कंपनीच्या भागधारकांसाठी दीडशे वर्षांत कायद्याची एक तटबंदी उभी राहिली आहे. अल्पसंख्य भागधारकांचे संरक्षण आहे, संचालकांची विश्वस्त म्हणून जबाबदारी आहे, लेखापरीक्षण आहे, ताबा घेणाऱ्याने टक्केवारीची सीमा ओलांडली की उघड प्रस्ताव देण्याची सक्ती आहे. डाओने कंपनीची मते घेतली, तटबंदी मागे ठेवली, आणि वर पाटी लावली समुदायाची. 'चेनालिसिस' या संस्थेने २०२२ साली दहा मोठ्या डाओंची पाहणी केली. त्यात आढळले की एक टक्क्याहून कमी नाणेधारकांच्या हाती नव्वद टक्के मते आहेत. याला आपल्या भाषेत जुना आणि चपखल शब्द आहे: थैलीशाही. ईथेरियमचे जनक व्हिटालिक ब्युटेरिन यांनीही २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये नाण्याच्या वजनाने होणाऱ्या मतदानावर सविस्तर टीका केली आहे. त्यांचा सर्वांत बोचरा मुद्दा हा, की नाणे उसने घेता येते. उसनवारीने घेतलेल्या नाण्याचे मत मिळते, पण भाव कोसळला तर नुकसान मूळ मालकाचे. अधिकार एकाकडे आणि तोटा दुसऱ्याकडे, अशी ही फारकत.

ही फारकत कुठवर जाते याचा अस्सल नमुना २०२० साली 'स्टीम' या जाळ्यावर पाहायला मिळाला. स्टीमवर लोक लिहीत, वाचक त्यांना मते देत, आणि त्याप्रमाणे लेखकांना नाणी मिळत. खतावणी सांभाळण्याचे काम वीस प्रमुख 'साक्षीदार' करीत, आणि त्यांची निवड नाणेधारक मताने करीत. ज्या कंपनीने हे सारे सुरू केले तिच्याकडे प्रारंभापासून नाण्यांचा मोठा साठा होता. त्याचा उपयोग विकासासाठी होईल, सत्तेसाठी नाही, असे तिने वारंवार सांगितले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये ती कंपनी 'ट्रॉन' या प्रतिस्पर्धी जाळ्याचे संस्थापक जस्टिन सन यांनी विकत घेतली. नव्या मालकावर आधीच्या मालकाचे वचन बंधनकारक आहे काय? साक्षीदारांनी वाट पाहिली नाही. आज्ञावलीत बदल करून त्यांनी त्या साठ्याचा मताधिकार गोठवला. ज्याने पैसे मोजून माल घेतला त्याचा माल शेजाऱ्यांनी कुलूपबंद करावा, तसे हे झाले. सन चिडले यात नवल नाही.

२ मार्च रोजी त्यांनी प्रतिडाव टाकला, आणि तो अभूतपूर्व होता. बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या मोठ्या विनिमय केंद्रांनी आपल्याकडे असलेली स्टीमची नाणी मतदानाला लावली. एका दिवसात वीसच्या वीस साक्षीदार बदलले आणि सन यांच्या पसंतीचे आले. प्रश्न असा की विनिमय केंद्रांकडे ही नाणी आली कुठून? ती त्यांच्या गिऱ्हाइकांची होती. लोकांनी खरेदी-विक्रीसाठी तिथे ठेवलेली ठेव होती. बँकेने आपल्या लॉकरमधील भागपत्रे काढून न्यावीत आणि कंपनीच्या सभेत आपल्या वतीने हात वर करावा, यातला हा प्रकार. शिवाय मताला लावलेली नाणी सोडवायला तेरा आठवडे लागत. ज्यांची नाणी त्यांना कोणी विचारलेही नव्हते. बोभाटा झाल्यावर बायनान्सचे प्रमुख चांगपेंग झाओ यांनी सांगितले की, ही नेहमीची तांत्रिक सुधारणा आहे असे आपल्याला वाटले होते. त्यांनी मते मागे घेतली. हुओबीनेही घेतली.

पुढची गोष्टही सांगितली पाहिजे, कारण तिच्यात कोणी निर्मळ राहिला नाही. जुन्या मंडळींनी २० मार्च रोजी 'हाइव्ह' नावाची वेगळी शाखा काढली. जुन्या शाखेवर ज्याची जितकी नाणी होती तितकी त्याला नव्या शाखेवर मिळाली, सन यांचा साठा मात्र वगळून. मग मे महिन्यात स्टीमवर राहिलेल्या साक्षीदारांनी विरोधकांच्या ६४ खात्यांतील दोन कोटी छत्तीस लाख नाणी जप्त केली. तुमची मालमत्ता तुमच्या इच्छेविरुद्ध कोणी घेऊ शकणार नाही, हे ज्या तंत्रज्ञानाचे ब्रीद, तिथे तीन महिन्यांत दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या मालमत्तेवर मतदानाने हात मारून घेतला.

स्टीममध्ये निदान गुप्तता होती. 'कर्व्ह' या विनिमयपेढीच्या परिसरात तर मतविक्रीचा उघड बाजार भरला. नवी नाणी कोणत्या गटाला किती मिळावीत हे तिथे मतदानाने ठरते. साहजिकच ज्या गटाला ती हवी असतील तो मतदारांना पैसे देऊ लागला, आणि २०२१ पासून हे पैसे वाटण्याच्या रीतसर व्यवस्थाच उभ्या राहिल्या. तिथले लोक या पैशाला अन्य कोणते सोज्वळ नाव देत नाहीत. सरळ 'लाच' या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरतात. आपल्याकडे पाकिटे मतदानाच्या आदल्या रात्री वाटली जातात, दिवसा कोणी कबूल करीत नाही. तिथे दर ठरलेले, पावती मिळते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा वाटप. पारदर्शक कारभार म्हणतात तो हाच असावा.

आता पुन्हा कंपाउंडकडे येऊ. एवढे सोपस्कार असलेल्या या पेढीत जुलै २०२४ मध्ये 'गोल्डन बॉइज' नावाच्या गटाने एक प्रस्ताव आणला, क्रमांक २८९. पेढीच्या तिजोरीतली ४ लाख ९९ हजार नाणी, म्हणजे सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर, याच गटाने आखलेल्या एका गुंतवणूक योजनेत ठेवावीत, असा तो होता. त्याचा म्होरक्या 'हम्पी' या टोपणनावाने ओळखला जाणारा मोठा नाणेधारक. अशाच आशयाचा प्रयत्न मे महिन्यात झाला होता आणि तो फसला होता. या वेळी २८ जुलैला, रविवारी, निकाल लागला: बाजूने ६ लाख ८२ हजार १९१, विरुद्ध ६ लाख ३३ हजार ६३६. ठराव मंजूर. 'हा हल्ला आहे' अशी ओरड झाली. हम्पीचे उत्तर सरळ होते: बाजारातून नाणी घेतली, नियमाने मत दिले, यात हल्ला कोणता? खरे सांगायचे तर या उत्तराला डाओच्या तत्त्वज्ञानात प्रत्युत्तर नाही. कंपनी कायद्यात आहे, सहकार कायद्यात आहे. कारण तिथे आपल्याच लाभाच्या ठरावावर मत देण्याला मर्यादा घातलेल्या असतात. इथे पेढी वाचली ती पुन्हा त्या दोन दिवसांच्या थांबण्याने. त्या मुदतीत वाटाघाटी झाल्या, शिलकीचा काही भाग नाणेधारकांना देण्याची योजना आणू असा शब्द दिला गेला, आणि ठराव मागे घेतला गेला. एक कोटी नाण्यांपैकी जी ऐंशी टक्क्यांहून अधिक मतदानाला फिरकलीच नाहीत, त्यांच्या मालकांना हे सारे बहुधा नंतर कळले असेल.

न फिरकणे हा एक दोष झाला. फिरकून न वाचणे हा दुसरा. मे २०२३ मध्ये 'टोर्नेडो कॅश'च्या मतदारांनी एक प्रस्ताव मंजूर केला. तो आधीच्याच एका मंजूर प्रस्तावासारखा आहे, असे त्याच्या वर्णनात म्हटले होते. आत मात्र मजकूर नंतर बदलण्याची सोय लपवलेली होती. मंजुरी मिळताच प्रस्तावकाने स्वतःला बारा लाख मते बहाल केली. बाकी सर्वांची मिळून सात लाखांच्या आसपास होती. मग त्यानेच आधीची स्थिती आणण्याचा प्रस्ताव मांडला, आणि सत्ता बरीचशी परतही केली. का, ते त्याचे त्याला ठाऊक.

या सगळ्यावरून मतदान म्हणजे निव्वळ नाटक, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो पुरता खरा नाही. मार्च २०२३ मध्ये 'आर्बिट्रम'ने आपली नाणी लोकांना वाटली आणि लगेच पहिला प्रस्ताव आणला: ७५ कोटी नाणी, तेव्हाच्या भावाने जवळपास एक अब्ज डॉलर, प्रतिष्ठानाच्या हवाली करावीत. मतदान चालू असतानाच उघड झाले की त्यातली पाच कोटी नाणी आधीच हलवली आहेत, काही विकलीही आहेत. मग सांगण्यात आले की हा प्रस्ताव मुळी परवानगीसाठी नव्हताच, झालेल्या निर्णयाला मान्यता देण्यासाठी होता. वरातीमागून घोडे नेण्याची ही रीत आपल्या ओळखीची आहे. पण तिथे लोक चिडले. तीन-चतुर्थांशांहून अधिक मते विरुद्ध पडली, प्रतिष्ठानाला माघार घ्यावी लागली, प्रस्तावाचे तुकडे करावे लागले, उरलेल्या ७० कोटी नाण्यांचे अंदाजपत्रक आणि कालबद्ध बंधने जाहीर करावी लागली. ही नाणी परतच करा, असा पुढचा प्रस्ताव मात्र मोठ्या फरकाने पडला. म्हणजे मतदारांना प्रतिष्ठान मोडायचे नव्हते, त्याला हिशेब द्यायला लावायचे होते. प्रौढ मतदार असेच वागतात.

मग माणशी एक मत का नको? कारण खतावणीला माणूस दिसत नाही, खाते दिसते. आणि एक माणूस हजार खाती उघडू शकतो. प्रत्येकाची ओळख पटवायची तर ती पटवणारी कोणी संस्था हवी, आणि संस्थेपासून सुटका हाच तर मूळ हेतू. 'ऑप्टिमिझम'ने २०२२ मध्ये यावर तोड म्हणून दोन सभागृहे काढली. एकात नाण्यांची मते, दुसऱ्यात निवडलेल्या नागरिकांना माणशी एक मत. नागरिक कोण, हे ठरवण्यातच पुढची वर्षे खर्ची पडली. हा प्रयोग मला या साऱ्यांत सर्वांत प्रामाणिक वाटतो. सभासद कोण, या प्रश्नाचे उत्तर दिल्याशिवाय मतदानाचे यंत्र कितीही सफाईदार केले तरी उपयोग नाही, हे त्यात निदान मान्य केले आहे.

आपल्या वाचकाने हे सारे का वाचावे? एक तर या क्षेत्रात आपली मुले आहेत. 'पॉलिगॉन' हे मोठे जाळे २०१७ मध्ये मुंबईतच सुरू झाले, आणि त्याच्या चाचणीसाठीच्या खतावणीचे नावही २०२४ पर्यंत 'मुंबई' असेच होते. दुसरे, घरबसल्या अशी टोकने घेऊन त्यांच्या मतदानात भाग घेणारे तरुण आपल्या शहरांतही आहेत. आपण फक्त एक कळ दाबतो, असे त्यांना वाटते. अमेरिकेतल्या न्यायालयांना तसे वाटत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये तिथल्या वायदेबाजार नियामकाने 'ऊकी डाओ'वर खटला भरला. आधी हा व्यवसाय एक कंपनी चालवीत होती. २०२१ मध्ये तिने तो डाओच्या हवाली केला. मालकच नाही तर कायदा कोणाला धरणार, असा हिशेब. नियामकाने धरले. डाओ म्हणजे कोण? ज्यांनी टोकन वापरून मत दिले ते सर्व, अशी त्याने व्याख्या केली. समन्स कोणाच्या दारावर चिकटवायचे हा प्रश्न आला, तेव्हा संकेतस्थळावरच्या मदतीच्या खिडकीत ते टाकण्यात आले, आणि न्यायालयाने ते चालवून घेतले. कोणी हजर राहिले नाही. जून २०२३ मध्ये एकतर्फी निकाल लागला: ६ लाख ४३ हजार ५४२ डॉलर दंड आणि कामकाज बंद. नियामक मंडळाच्याच एक सदस्य समर मर्सिंजर यांनी खटला भरतानाच असहमती नोंदवली होती. मत दिले म्हणून माणूस जबाबदार धरला, तर शहाणा माणूस मत देणार नाही, असा त्यांचा आशय होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फेडरल न्यायालयाने 'लीडो डाओ'च्या प्रकरणात आणखी एक पाऊल टाकले. प्राथमिक टप्प्यावरच, पण स्पष्टपणे, न्यायालयाने म्हटले की ही संघटना साधी भागीदारी मानता येते. आपल्या १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणेच तिथेही साध्या भागीदारीत प्रत्येक भागीदार साऱ्या देण्याला वैयक्तिक जबाबदार असतो, घरदारासकट. चार मोठ्या गुंतवणूकदारांना भागीदार म्हणून खटल्यात ओढले होते. त्यांपैकी तिघांनी संघटनेच्या कारभारात अर्थपूर्ण भाग घेतल्याचे प्रथमदर्शनी दिसते, म्हणून त्यांच्यावरचा दावा पुढे चालू राहिला. चौथ्याकडेही टोकने होती. परंतु त्याने कारभारात काही केल्याचे दिसत नव्हते, म्हणून त्याला सोडून देण्यात आले.